जळण्याची मुभा

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘अदृश्य’ हा विषय मुक्रर केला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा दैव, सूक्ष्मजंतू, गेला बाजार एखादे गुप्तधन असावे. माझ्या मनात मात्र आली ती वीज. खानदेशात जिच्याविषयी रोज बोलणे होते, जिची वाट पाहत शेतकरी रात्रीचा पंपाजवळ जागतो, आणि जी भुसावळजवळ दीपनगरच्या धुराड्यांखाली व साक्रीच्या माळावरील पवनचक्क्यांच्या पात्यांमध्ये निर्माण होते, ती वीज प्रत्यक्ष तारेतून जाताना कोणीही पाहिलेली नाही. तिचे परिणाम तेवढे दिसतात. आठवीतल्या मुलाला डीपी कोठे आहे, फ्यूज कोणत्या जाडीच्या तारेचा बांधतात, सिंगल फेजवर मोटार का चालत नाही आणि आकडा टाकणे गुन्हा असूनही तो कोणत्या रात्री पडतो, हे सर्व ठाऊक असते. परंतु त्याच्याच पाठ्यपुस्तकातला ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हा पाठ सुरू झाला की तो मुलगा एकाएकी परका होतो आणि विभवांतराची व्याख्या पाठ करू लागतो.

हा परकेपणा दूर करण्यासाठी अलीकडे दोन साधने शाळांच्या दारात आली आहेत. एक सिम्युलेशन, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर विद्युतमंडल जोडून ते चालवून पाहण्याची सोय. दुसरे ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून समोरची वस्तू पाहत असताना तिच्यावरच नसलेल्या गोष्टी उमटवून दाखविण्याची विद्या. न दिसणारे दाखविल्याने ते समजते काय, एवढाच प्रश्न बरोबर घेऊन मी जळगाव व धुळे जिल्ह्यांतल्या काही शाळांत, आणि शाळा नसलेल्या एका ठिकाणीही, जाऊन बसलो.

कुलुपातले कपाट

नवी साधने पाहण्यापूर्वी जुनी पाहिली पाहिजेत, म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत प्रथम कपाट उघडावयास सांगितले. ॲमीटर, व्होल्टमीटर, रिओस्टॅट, विरोधपेट्या, चुंबकसूची हे सारे साहित्य ओळीने मांडलेले होते आणि त्याची स्थिती इतकी उत्तम होती की तिचेच नवल वाटावे. कारण कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवलेल्या जडसंग्रह नोंदवहीत होते. या नोंदवहीत प्रत्येक वस्तूची आवक, शिल्लक आणि किंमत लिहिलेली असते. वस्तू मोडली तर तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, त्यावर सह्या व्हाव्या लागतात, मंजुरी यावी लागते, आणि ती येईपर्यंत तपासणीच्या वेळी मोडक्या वस्तूचे अवशेषही दाखवावे लागतात. ज्या शिक्षकाच्या ताब्यात हे कपाट आहे, त्याला विज्ञान शिकविण्याचे वेतन मिळते खरे, परंतु जाब विचारला जातो तो ॲमीटरचा.

अशा व्यवस्थेत शहाणा मनुष्य जे करील तेच तो शिक्षक करतो. प्रयोग तो स्वतः करून दाखवितो. गटागटाने मुले टेबलाभोवती उभी राहतात, पुढच्या दोघांना काटा दिसतो, मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. आणि प्रयोगवहीत ओहमच्या नियमाची जी निरीक्षणे उतरतात, ती पुष्कळदा उत्तर आधी ठरवून मागाहून रचलेली असतात. नववीच्या ‘धाराविद्युत’ या प्रकरणातील आलेख म्हणूनच साऱ्या वर्गाचा सारखा येतो आणि सगळे बिंदू निमूटपणे एका सरळ रेषेवर बसतात. प्रत्यक्ष मापनात असे कधी घडत नाही, हे ते बिंदू काढणाऱ्या मुलाला मात्र कळायला मार्ग उरत नाही. विजेच्या शिक्षणातील खरी अडचण ती अदृश्य आहे एवढीच नाही. ती शिकताना चूक करण्याची परवानगी नाही, हीदेखील आहे.

पडद्यावर पेटलेली बॅटरी

धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेस, साक्री तालुक्याच्या बाजूला, एका जिल्हा परिषद शाळेत भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता आणि सातवीतला एक मुलगा माऊस हातात धरून बॅटरीची दोन टोके एका तारेने थेट जोडत होता. शिक्षक गप्प उभे होते. जोडणी पुरी होताच पडद्यावरच्या बॅटरीतून ज्वाळा निघाल्या, वर्ग हसला, आणि त्या मुलाने घाबरून शिक्षकांकडे पाहिले. त्यांनी त्याला फक्त पुन्हा एकदा तसेच करावयास सांगितले, आणि या खेपेला तारेच्या वाटेत एक दिवा ठेवावयास सांगितले. “सर, दिवा पेटना!” असा दिवा लागल्याचा अहिराणी गलका झाला. जडसंग्रह नोंदवहीत त्या जळलेल्या बॅटरीची नोंद कोणालाही करावी लागली नाही.

हे साधन अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पातले. भौतिकशास्त्राचे २००१ सालचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्या कार्ल वीमन यांनी २००२ साली तो उभा केला; त्यातली सिम्युलेशने विनामूल्य असून अनेकांचे मराठी अनुवादही झाले आहेत. आपल्याकडे सी-डॅक आणि अमृता विश्वविद्यापीठ यांनी मिळून केलेल्या ‘ओलॅब्स’मध्ये शालेय प्रयोग मराठीतही पाहावयास मिळतात, आणि थोडे पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ई-सिम’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर तयार केले आहे.

पडद्यावरचा दिवा हे नुसते चलच्चित्र नसते. मुलाने तार जोडताच संगणक त्या मंडलातील प्रत्येक सांधा टिपून घेतो आणि किरखॉफने १८४५ साली सांगितलेले दोन नियम त्याला लावतो: सांध्यात जितकी धारा येते तितकीच बाहेर पडते, आणि बंद वाटेने फेरी मारून परत आले की विभवाची जमा व खर्च यांचा मेळ बसतो. यातून जितकी अनोळखी मूल्ये तितकी समीकरणे उभी राहतात आणि ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुटतात. डायोड वा एलईडी आला की सरळ रेषेचे गणित पुरत नाही; मग संगणक प्रथम एक अंदाज करतो, तो किती चुकला ते पाहतो, सुधारतो, आणि चूक नगण्य होईपर्यंत हे चालू ठेवतो. बर्कलीच्या विद्यापीठात १९७३ साली लॉरेन्स नेगल यांनी पुढे आणलेल्या ‘स्पाइस’ या प्रोग्रामने ही रीत रूढ केली, आणि तिच्याच वंशजांवर जगातील चिपा तयार होण्यापूर्वी तपासल्या जातात. स्वतः चुकत चुकत उत्तराकडे जाणारे यंत्र मुलांना चुकण्याचे स्वातंत्र्य देते, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

त्या वर्गातला सर्वांत मोलाचा क्षण मात्र ज्वाळांचा नव्हता. शिक्षकांनी एकसरीत दोन सारखे दिवे जोडले आणि ते लावण्यापूर्वी कोणता अधिक उजळेल असे विचारले. बहुतेक हात पहिल्या दिव्यासाठी वर झाले. पहिला दिवा काही करंट खातो आणि उरलेला दुसऱ्याला मिळतो, ही समजूत जगभरच्या मुलांत आढळते व शिक्षणसंशोधकांनी ती वारंवार नोंदविली आहे. कळ दाबल्यावर दोन्ही दिवे सारखेच लागले, ठिपक्यांनी दाखविलेले इलेक्ट्रॉन दोहोंतून सारख्याच गतीने सरकताना दिसले, आणि मागच्या बाकावरून पृच्छा झाली, “मंग खर्च कथा गया?” खर्च कोठे गेला, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही. धारा खर्च होत नाही, ऊर्जा खर्च होते, हे सांगण्यास शिक्षकांना आता एक विचारणारा मिळाला होता.

त्यांनी उत्तरासाठी ठिबक सिंचनाचा आधार घेतला. नळीतल्या पाण्याचा दाब म्हणजे विभवांतर, वाहते पाणी म्हणजे धारा, ड्रिपरचे बारीक भोक म्हणजे रोध. केळी आणि कापूस यांच्या मुलखात ही उपमा झटकन उतरते. परंतु नळी कापली तर पाणी बाहेर सांडते आणि तार कापली तर धारा थांबते, हा भेद त्यांनी पडद्यावरची तार तोडून तिथल्या तिथे दाखविला. उपमेची हद्द अशी लगेच दाखवून देता येणे, ही सिम्युलेशनची मला वाटलेली मोठी सोय.

कोलोरॅडोतच नोआ फिंकेलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा व दिवे वापरले आणि काहींनी फक्त पडद्यावरचे. पुढे सर्वांना खरे मंडल जोडावयास दिले असता, ज्यांनी खऱ्या तारेला तोवर हात लावला नव्हता, तेच अधिक चांगले जोडू व समजावून सांगू शकले. या निष्कर्षाचा अर्थ खरे साहित्य निरुपयोगी आहे असा काढण्याचा मोह अनेक विक्रेत्यांना होतो. त्याचा अर्थ इतकाच की ओळख पडद्यावर झालेली असली तर तारेशी गाठ पडते तेव्हा मनुष्य भांबावत नाही.

मोबाईलच्या डोळ्यातून

ऑगमेंटेड रिॲलिटी हे नाव तारा जोडण्याच्या कामातूनच आले, हे फारसे ठाऊक नसते. बोइंग कंपनीत विमानातील तारांचे जुडगे मोठमोठ्या फळ्यांवर नकाशे लावून बांधले जात. त्या नकाशांऐवजी कामगाराच्या डोळ्यांसमोरच कोणती तार कोठून न्यावयाची ते उमटवावे, ही कल्पना टॉम कॉडेल यांनी १९९० साली मांडली आणि तिला हे नाव दिले. म्हणजे हे नाव मिळाले तेव्हा ही विद्या करणाऱ्याच्या हाताला मार्ग दाखविण्यासाठी होती. पाहणाऱ्याचे मनोरंजन हा तिचा हेतू नव्हता.

शाळांत ती आली ती बहुधा दुसऱ्या रूपाने. जळगाव शहराजवळच्या एका शाळेत शिक्षिकेने काळ्या चौकटीची एक आकृती कागदावर छापून बाकावर ठेवली होती. मोबाईल तिच्यावर धरताच कॅमेरा चौकटीचे चार कोपरे शोधतो, ते किती तिरके व किती दूर दिसतात यावरून कागदाची दिशा व अंतर काढतो, आणि त्या हिशेबाने तारेचे एक वेटोळे कागदावर उभे करतो. विद्युतधारा सुरू केली की त्याभोवती चुंबकीय बलरेषा उमलतात आणि मोबाईल फिरविला की मागूनही दिसतात. दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठातील सपाट आकृती जन्मभर सपाटच राहिलेल्या माझ्यासारख्याला ते दृश्य पाहून आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि या विद्येच्या अडचणीही त्याच बाकावर दिसतात. गुळगुळीत कागदावर खिडकीचे ऊन चमकले की कोपरे हरवतात आणि वेटोळे थरथरून नाहीसे होते. म्हणून शिक्षिका साधा खरखरीत कागदच वापरतात आणि हा तास सकाळी घेतात. स्वस्त मोबाईलमध्ये जायरोस्कोप नसतो, त्यामुळे छापील खुणेवाचून चालणारी ॲप्स त्यांवर उघडतच नाहीत. मोबाईल शिक्षिकेचा एकच, आणि त्याभोवती मुलांचे कडे. घरी करून पाहा असे सांगावे तर घरातला मोबाईल वडिलांबरोबर शेतात गेलेला असतो, कारण विहिरीवरची मोटार आता त्याच मोबाईलवरून सुरू होते.

याहून मूलभूत आक्षेप वेगळाच आहे. कागदावर उभे राहिलेले वेटोळे मुलाने जोडलेले नसते; ते चुकीचे जोडता येत नाही. जे बिघडविता येत नाही ते पाहून कौतुक वाटते, प्रश्न सुचत नाही. या विद्येचे सामर्थ्य खऱ्या मंडलावर अदृश्य राशी उमटविण्यात आहे. जर्मनीत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थी खरी मंडले जोडत होते. काहींना विभव व धारा यांची मापे टॅब्लेटमधून पाहताना त्या त्या घटकाशेजारीच तरंगताना दिसत, काहींना तीच मापे वेगळ्या तक्त्यात दिसत. पहिल्या गटाची संकल्पनांची समज अधिक वाढली. कारण साधे आहे: काट्याकडून टेबलाकडे आणि टेबलाकडून काट्याकडे हेलपाटे घालण्यात जे लक्ष खर्ची पडते, ते येथे वाचते. मात्र त्यासाठी बाकावर खरे मंडल असावे लागते, आणि येथे आपण पुन्हा कुलूपबंद कपाटापाशी येतो.

गोलाणी मार्केटची शाळा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्तीच्या गाळ्यांची रांग आहे. हातभर जागेत सूक्ष्मदर्शक, गरम हवेची गन, सोल्डरिंगचे सामान, मल्टिमीटर आणि वर एक संगणक. या संगणकावर दुरुस्तीला आलेल्या मोबाईलच्या बोर्डाचा नकाशा उघडलेला असतो. कारागीर पडद्यावरच्या एका बिंदूवर क्लिक करतो, त्या बिंदूला जोडलेल्या साऱ्या वाटा रंगून उठतात. मग तो त्याच वाटेवर मल्टिमीटरची सुई ठेवतो, बीप वाजते की नाही ते ऐकतो, आणि जेथे वाजावयास हवी तेथे वाजली नाही की तेथे बिघाड आहे असे समजतो. नकाशातली आदर्श वाट आणि पाण्यात पडलेल्या बोर्डावरची खरी वाट यांतील तफावत शोधणे हाच त्याचा धंदा. शास्त्रीय परिभाषेत जिला प्रतिमान आणि वास्तव यांची तुलना म्हणावी, ती येथे दिवसभर रोखीने चालते.

अशाच एका गाळ्यावर शाळा अर्धवट सोडलेला एक तरुण काम शिकत होता. त्याला पहिले काही महिने फक्त भंगार बोर्ड दिले गेले होते, असे गाळामालकांनी सांगितले. जे आधीच मेलेले आहेत त्यांना आणखी मारण्याची भीती नसते. शाळेच्या प्रयोगशाळेला जी तजवीज सुचली नाही, ती या बाजाराला धंद्याच्या गरजेतून सुचली आहे.

जे पडद्यावर येत नाही

साक्रीकडच्या त्या शाळेत मी पुन्हा गेलो तेव्हा मुले ब्रेडबोर्डवर आली होती. पडद्यावर जे मंडल क्षणात जुळले होते, ते येथे काही केल्या लागेना. नऊ व्होल्टची बॅटरी, तीनशे तीस ओहमचा रोधक (नारंगी, नारंगी, तपकिरी) आणि तांबडा एलईडी. एलईडीवर सुमारे दोन व्होल्ट खर्ची पडतात, उरलेल्या सातांना ३३० ने भागले की धारा सुमारे एकवीस मिलिॲम्पिअर येते, हे गणित फळ्यावर बरोबर होते. एका गटाने एलईडीचा लांब पाय ऋण बाजूला लावला होता. दुसऱ्याने दोन्ही पाय एकाच पाच भोकांच्या ओळीत खोचले होते, म्हणजे दिव्याला आतल्या आतच वळसा पडला होता. तिसऱ्याचे सर्व बरोबर होते, आणि तरीही अंधार. बऱ्याच वेळाने एका मुलीने मल्टिमीटर घेऊन ब्रेडबोर्डच्या कडेची लांब पट्टी तपासली आणि ती मध्यावर तुटलेली असते हे शोधून काढले. अनेक लांब ब्रेडबोर्डांत ती तशीच बनविलेली असते; हे शिक्षकांना ठाऊक होते, पण त्यांनी सांगितले नव्हते.

पडद्यावरच्या तारेत सैल सांधा नसतो, बॅटरी नकळत म्हातारी होत नाही, रोधकाचा अंक पाच टक्के इकडेतिकडे होत नाही, आणि रोधकावाचून लावलेला एलईडी जळाला तर पडद्यावर चिन्ह उमटते, वास येत नाही. तो वास एकदा आला की विसरत नाही. शिवाय पडदा थोडे खोटेही बोलतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक ॲम्पिअर धारा जात असताना इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला मिलिमीटरचा शंभरावा भाग सातदा मोजावा इतकेच पुढे सरकतात. वीतभर जाण्यास त्यांना तासाच्या आसपास लागेल. पडद्यावरचे ठिपके मात्र लगबगीने धावतात, कारण खरी गती दाखविली तर वर्ग झोपी जाईल. हे असत्य उपकारक आहे, परंतु ते असत्य आहे हे मुलांना सांगणारा शिक्षक वर्गात असला पाहिजे.

खर्चाची बाब

खानदेशाने तंत्रज्ञानासाठी हात आखडता घेतला आहे असे कोणी म्हणणार नाही. धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी न्यूयॉर्कमधील बँकेच्या व्यवसायातून वेळ काढून गावोगावी सभा घेतल्या, गावकऱ्यांच्या वर्गणीत आपली भर घातली, आणि २०१६च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या सुमारे अकराशे शाळा डिजिटल झाल्या. त्याच वर्षी सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनखाली निवडलेल्या शाळेस टिंकरिंग लॅबसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. देशात अशा १०,००० शाळा झाल्या असून २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. त्याही पूर्वी, सत्तरच्या दशकात, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ग्रामीण शाळांतील विज्ञानशिक्षण सुधारण्याचा आपला आरंभीचा प्रकल्प रावेर तालुक्यातील खिरोद्यालाच राबविला होता. प्रयोगाची परंपरा या भूमीत नवी नाही.

ती किती जुनी आहे हे चाळीसगावजवळच्या पाटण येथे कळते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीच्या यंत्राध्यायात गोल, शंकू, घटी, चक्र, फलक अशी वेधाची यंत्रे एकामागून एक वर्णिली आणि शेवटी साऱ्यांहून श्रेष्ठ म्हणून धीयंत्र सांगितले: हातात एक साधी काठी, आणि तिच्या मागे बुद्धी. यंत्रांचा त्यांनी तिरस्कार केला नाही. ती तपशिलाने वर्णन करून मगच त्यांनी हा क्रम लावला.

आजच्या साधनांचाही क्रम असाच लागतो. प्रथम पडदा, कारण तेथे जाळून पाहणे फुकट आहे. मग खरी तार, कारण तेथे वस्तू आपल्या हुकमाप्रमाणे वागत नाही. आणि ऑगमेंटेड रिॲलिटी वापरावयाची तर त्या खऱ्या तारेवर, जे दिसत नाही ते दाखविण्यापुरती. डोक्यावर घालावयाच्या एका महागड्या पडद्याच्या किमतीत कित्येक शाळांतील सातवीच्या मुलांना ब्रेडबोर्ड मिळतील. एलईडी दोन-चार रुपयांना येतो आणि रोधक रुपयाच्या आतबाहेर.

साक्रीकडच्या शिक्षकांनी यावर काढलेला तोडगा कोणत्याही परिपत्रकात नाही. एलईडी, रोधक आणि जोडतारा ते जडसंग्रह नोंदवहीत चढवीतच नाहीत. खडूंबरोबर उपभोग्य साहित्यात धरतात, कारण खडू झिजला म्हणून निर्लेखनाचा प्रस्ताव कोणी मागत नाही. वर्षाअखेरीस किती जळाले हे मात्र ते मुलांकडूनच एका वहीत लिहून घेतात, प्रत्येकापुढे कारणासह. त्या वहीतील कारणांचा रकाना मी वाचला. प्रारंभीच्या पानांवर ‘आपोआप जळाला’ असे पुष्कळदा लिहिले आहे. पुढच्या पानांवर ‘रोधक लावला नाही’, ‘३३०ऐवजी ३३ लावला’ अशी कारणे आहेत, आणि ‘आपोआप’ पुन्हा आलेला नाही. जिल्ह्याच्या शिक्षण खात्यास या नव्या साधनांची फलश्रुती मोजावयाची असेल, तर त्यांनी वितरित टॅब्लेटांची संख्या न मागविता हा रकाना मागवावा.